अक्का, तुमच्या डाव्या पायाखालची स्प्रिंग

अक्का,

परवा तुमचं दिवसकार्य झालं. काल दुपारी शेवटचे पाहुणे एस्टीनं गेले. आचाऱ्याची पातेली परत गेली, सतरंज्या गेल्या, आणि मी घर झाडून पायरीवर टेकले ती टेकूनच राहिले. अंगात ताप नाही, काही नाही, नुसता थकवा. बसलं की उठवत नाही आणि पडलं की डोळा लागत नाही.

तुमच्या शाळेतल्या दोन बाई मध्ये येऊन गेल्या. शाळेच्या अंकात तुमच्यावर लिहायचं आहे म्हणाल्या. जन्म कुठला, नोकरीला कधी लागलात, मुख्याध्यापिका कधी झालात, सगळं मी सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही विशेष? मी म्हटलं, मोटार चालवायच्या. दोघी हसल्या आणि एकीनं वहीत लिहून घेतलं, ‘अतिशय हौशी होत्या.’ मी पुढं बोलले नाही. मला जे सांगायचं होतं ते त्यांना सांगून काय उपयोग? ते तुम्हाला सांगायचं होतं, आणि गेली चार वर्षं एका घरात राहून मला ते जमलं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही इथंच होतात. तुमचा संसार का मोडला हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुम्ही माझ्या मोठ्या नणंद, पण घर चालायचं ते तुमच्याच शब्दावर. शाळेत तुमचं मराठी छापील पुस्तकासारखं, उंबरा ओलांडून घरात आलात की सोलापुरी, आणि चिडलात की कानडी. ‘साकु’ म्हणालात की पुरे म्हणजे पुरे. मग तुमचा बसूही गप्प आणि मीही गप्प.

बसू तुमचा धाकटा भाऊ, माझे यजमान. गिरणीत विव्हिंग मास्टर होते. गिरणीतला एक जुना साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याची ती हिरवी गाडी ह्यांनी घेतली. रेसची गाडी म्हणायचे तिला. बुटकी, लांब नाकाची, वर टप नाही. पाऊस आला की कापडाचं छप्पर ओढून घ्यायचं, आणि तेही फाटकं. बाजारातून निघाली की लोक सायकलवरून उतरून बघायचे. मला त्या गाडीची लाज वाटायची. शिवाय गाडी दोन माणसांची आणि घरात आपण तिघं. ह्यांच्या शेजारी कोण बसणार, असं मी कधी तोंडानं विचारलं नाही. मी बसत नव्हते, म्हणून तुम्ही बसायचात.

रविवारी सकाळी गिरणीच्या मागच्या मैदानात हे तुम्हाला गाडी शिकवायचे. तुम्ही चप्पल काढून अनवाणी पायानं चालवायचात. पेडल तळव्याला कळलं पाहिजे, म्हणायचात. घरी आल्यावरही भावाबहिणीचं तेच बोलणं. क्लच किती सोडल्यावर गाडी ओढ घेते, चढावर पाय कसा धरायचा. मी भाकरी थापत ऐकायचे. ह्यांनी मलाही दोनदा विचारलं होतं, शिकतेस का म्हणून. मी नाही म्हटलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. तिसऱ्यांदा विचारतील असं वाटलं होतं.

मग कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत हे गेले. गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिरणीच्या जुन्या चादरीखाली उभी राहिली. तीन वर्षं त्या चादरीला ना तुम्ही हात लावलात ना मी.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तुम्ही रिटायर झालात. सत्काराचा हार दाराच्या खुंटीला अडकवून तुम्ही म्हणालात, “शकू, गाडी काढायची.”

मी विचारलं, कशाला? पुण्याच्या एका माणसाची गाडीसाठी दोन पत्रं आली होती आणि मी त्याला हो कळवायच्या विचारात होते. तुम्ही म्हणालात, चालवायला. मी म्हटलं, कुठं जायचंय तुम्हाला? तुम्ही म्हणालात, कुठं जायचं ते गाडी चालू झाल्यावर बघू. मला राग आला. लोक काय म्हणतील, तुमचं वय काय, शाळेच्या जिन्यावरून पडल्यापासून तुमचा डावा गुडघा धड नाही, असं सगळं बोलून झालं. तुम्ही ऐकून घेतलंत. तुमच्या चेहऱ्यावर काही हलेना, तेव्हा मी बोलू नये ते बोलले.

“गाडी माझ्या नवऱ्याची आहे.”

 मग हळू आवाजात म्हणालात, “माझा भाऊ बी होता की तो.”

दोन दिवस आपण एकमेकींशी बोललो नाही. ते भांडण तसंच राहिलं, अक्का. माफी कोणी मागितली नाही आणि विषयही पुन्हा निघाला नाही. गाडीचे कागद माझ्या नावावर झाले होते, तुम्हाला ते माहीत होतं, पण तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही नरसय्याला बोलावणं धाडलंत.

नरसय्या गिरणीच्या वर्कशॉपात फिटर. घरात तेलुगू, बाहेर आपल्यासारखंच बोलणं. मागांची दुरुस्ती हे त्याचं काम, पण ह्यांच्या नादानं तो या गाडीचाही मिस्त्री झाला होता. ह्यांना तो मास्तर म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी येऊन त्यानं चादर काढली, उंदरांनी केलेली घाण काढली, आणि तीन-चार रविवारांनी इंजिन सुरू झालं. तो आवाज ऐकून तुम्ही शेडमध्ये उभ्या राहिलात आणि मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं.

मग क्लचपाशी अडलं. पेडल दाबलं की खाली जायचं, पण पाय काढला तरी अर्ध्यावरच लोंबत राहायचं. नरसय्यानं आत वाकून एक गंजलेली स्प्रिंग काढून दाखवली. पेडलला वर ओढून घेणारी ती स्प्रिंग. उभ्या उभ्या गंजून तिचा जोर गेला होता. पेडल पुरतं वर आलं नाही तर क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि आतल्या आत घासून जळतो, असं तो तुम्हाला समजावत होता. मी दारात उभी होते. इतकी वर्षं गाडीचं बोलणं डोक्यावरून गेलेलं, पण त्या दिवशी मला ते कळलं.

तसली स्प्रिंग सोलापुरात मिळणार नव्हती. पुण्याला पत्र टाकलं, तिथूनही नाही आलं. तेव्हा नरसय्यानं भंगारात काढलेल्या एका मागाची स्प्रिंग आणली, तापवून तिचे आकडे वाकवले आणि बसवली. तुम्ही त्या दिवशी पेन्शनच्या कागदांसाठी कचेरीत गेला होतात. त्यानं पेडल दहा-बारा वेळा दाबून पाहिलं, खाली उतरला आणि मान हलवली.

“बाई, ही लई कडक झाली. मागाची हाय न्हवं. अक्कांचा गुडघा दुखतोय. रविवारी पातळ तारंची दुसरी करून आणतो.”

मी म्हटलं, “राहू दे. हीच असू दे.”

त्याला वाटलं माझ्या ध्यानात आलं नाही. त्यानं पुन्हा गुडघ्याचं सांगितलं.

“म्हणूनच म्हणते,” मी म्हटलं. “चार दिवस चालवतील आणि सोडून देतील. त्यांना सांगा, या गाडीला अशीच लागते.”

त्यानं हातातला पाना पिशवीत टाकला. मास्तरांच्या बायकोचा शब्द त्याला मोडता आला नाही. पिशवी आवरली आणि केलेला चहा न घेता गेला. तुम्ही आल्यावर मीच सांगितलं, झाली गाडी. तुमचा चेहरा उजळला, आणि मला त्याचाही राग आला.

मी असं का केलं, अक्का? पहिलं उत्तर मी स्वतःला लगेच दिलं होतं. तुम्हाला रस्त्यात काही झालं तर मी एकटी उरेन. हे खोटं नाही. पोरबाळ नाही, हे गेलेले, मला होतं कोण? पण तेवढंच असतं तर मी तुमच्याशी भांडले असते, तुमच्या पाया पडले असते. नरसय्याच्या आडून ते करायची गरज नव्हती. तुम्ही ह्यांच्या जागेवर बसणार होतात. ह्यांनी शिकवलेलं तुमच्या पायात होतं आणि माझ्याजवळ त्यांचं तसं काही नव्हतं. त्यांचे सदरे होते, चष्मा होता. सदऱ्याला काही येत नाही.

चार दिवसांत सोडाल असं मी धरून चालले होते. तुम्ही सोडलीत नाही. उजाडलं की पदर कानांवरून बांधून निघायचात, अक्कलकोटच्या रस्त्यानं दहा-बारा मैल जाऊन परत यायचात. आलात की पायरीवर बसायचात आणि बराच वेळ उठायचा नाहीत. मी विचारायचे, चहा आणू का इथंच? तुम्ही म्हणायचात, आण. दुखतंय असं तुम्ही आपण होऊन कधी म्हणाला नाहीत.

पण संध्याकाळी गुडघा सुजायचा. ओवा घालून तेल कढवायचं आणि तुमचा गुडघा चोळायचा, हे काम माझ्याकडं आलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी रोज चोळत होते. एका संध्याकाळी तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होतात. मिटल्या डोळ्यांनीच म्हणालात, “बसूच्या वेळी पेडल असं नव्हतं ग. की माझंच वय झालं?”

माझे दोन्ही हात तुमच्या गुडघ्यावर होते.

“वय होतंच की, अक्का,” मी म्हटलं.

तुम्ही मान डोलावलीत. पटलं तुम्हाला. खोटं बोलणाऱ्या मुलीला तुम्ही फळ्याकडं तोंड करून नुसत्या आवाजावरून ओळखायचात, सगळी शाळा त्याला भिऊन असायची. माझा आवाज तुम्ही तपासला नाहीत. त्या संध्याकाळी उठून नरसय्याला निरोप धाडला असता तर सगळं थांबलं असतं. तो दोनदा तेलपाणी बघायला येऊन गेला होता, दोन्ही वेळा त्यानं माझ्याकडं बघितलं होतं, आणि मी काहीतरी काम काढून आत गेले होते.

मग करकंबचं बोलावणं आलं. तुमची मावसबहीण रुद्रव्वा, तिच्या नातवाचं बारसं. तुम्ही म्हणालात, “मी गाडीनं जाते. तू येतीस का? न्हाईतर एस्टीनं ये मागनं.” इतक्या लांब तुम्ही कधी गेला नव्हतात. तुम्हाला एकटीला पाठवायला माझं मन धजेना आणि पहिल्यांदा मी त्या गाडीत बसले, डावीकडच्या जागेवर.

मोहोळपर्यंत मला किती बरं वाटत होतं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, वारा तोंडावर. बैलगाड्यांतली माणसं हात करायची आणि तुम्ही मुख्याध्यापिकेसारखी मान लववायचात. मधेच विचारलंत, घाबरलीस का? मी नाही म्हटलं आणि ते खरं होतं. पण शेजारी बसल्यामुळं घरातून जे दिसत नव्हतं तेही दिसलं. दर वेळी गिअर बदलताना तुम्ही ओठ घट्ट मिटायचात आणि पाय उचलल्यावर श्वास सोडायचात. मी रस्त्याकडं बघायला लागले.

मोडनिंबला करकंबच्या रस्त्याला लागलो तर रेल्वेचं फाटक बंद. पुढं उसाच्या गाड्यांची रांग. फाटक उघडलं, पण रस्ता अरुंद आणि बैल दमलेले. दोन पावलं पुढं, थांब. पुन्हा दोन पावलं, पुन्हा थांब. दर वेळी तुमचा पाय खाली जायचा. लुगड्याच्या आतून गुडघा थरथरताना मला दिसत होता. मी म्हटलं, अक्का, जरा बाजूला घेऊ या.

“आलंच की फाटक,” तुम्ही म्हणालात.

आणि तुमचा पाय सुटला. गाडीनं उडी घेतली आणि पुढच्या गाडीवर जाऊन आदळली. एक दिवा फुटला, उसाची कांडी आपल्या अंगावर आली, बैलांनी मान झटकली. गाडीवान शिवी घेऊनच मागं धावला. दोन वयस्क बायका बघून ती त्याच्या तोंडातच राहिली. “लागलं का वं आज्जी?” म्हणाला. कोणाला काही लागलं नव्हतं. त्यानं आणि आणखी तिघाचौघांनी गाडी ढकलत लिंबाखाली नेली. तुम्हाला मात्र पाय टेकवेना. दोघींनी मिळून कसंबसं तुम्हाला उसाच्या मोळीवर बसवलं, मी आणि गाडीवानाच्या बायकोनं. मग ती आणि तो पाणी आणायला गेले.

तुम्ही गुडघा दोन्ही हातांत धरून बसला होतात. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुम्ही ते पुसतही नव्हतात. तुम्हाला रडताना मी ह्यांच्या वेळीही बघितलं नव्हतं.

“शकू, माझा पाय गेला,” तुम्ही म्हणालात. “त्या पुण्याच्या माणसाला लिही. गाडी देऊन टाक.”

मला हवं होतं ते मला मिळालं होतं. सहा महिने मी ह्याच वाक्याची वाट बघत होते.

सांगायची वेळ तीच होती, अक्का. जवळपास कोणी नव्हतं. तुमचा पाय गेलेला नाही, मी तो घालवलाय, एवढंच म्हणायचं होतं. तोंडात शब्द आले होते. पण बाहेर पडलं ते भलतंच. मी म्हटलं, “गाडी द्यायची नाही.”

तुम्ही माझा हात धरलात. तुम्हाला वाटलं, तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी माझा हट्ट सोडला. तुम्ही तो हात किती वेळ धरून ठेवला होतात. पाणी आलं तेव्हा मला सोडवून घ्यावा लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, आधीच दुखावलेल्या गुडघ्यावर रोज जोर पडून आत फाटलंय. आधी पडून राहायचं, मग काठी, आणि काठी कायमची. त्याच दिवशी मी नरसय्याच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या खोलीत त्याच्या भावाचा माग चालू होता, बायको कांड्या भरत होती. मी म्हटलं, ती हलकी स्प्रिंग करून द्या. तो कोनाड्यापाशी गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी घेऊन आला.

“त्याच आठवड्यात केली होती, बाई,” तो म्हणाला. “तुमी बोलवाल म्हणून ठेवली.”

कागद पिवळा पडला होता. आत तेल लावून ठेवलेली पातळ तारेची स्प्रिंग होती. मी तिथं उंबऱ्यावरच बसले. त्याच्या बायकोनं पाणी दिलं.

तुम्ही काठी घेऊन पहिल्यांदा शेडपर्यंत आलात तेव्हा उन्हाळा लागला होता. नरसय्या फुटका दिवा बदलत होता. तुम्ही गाडीच्या दारातून वाकून पेडल हातानं दाबून बघितलंत. एकदा, दोनदा. “किती हलकं झालंय ग हे,” तुम्ही म्हणालात. मग त्याच्याकडं वळून, “व्हय रे नरसय्या, आधीच का न्हाई केलंस?”

त्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, “तेव्हा तशी तार मिळाली नव्हती त्यांना.”

माझं करणं मी त्याच्या माथी मारलं, त्याच्यादेखत. तुम्ही पेडल आणखी एकदा दाबून बघितलंत. पण त्यानंतर नरसय्या आपल्याकडं कामापुरताच यायचा आणि तुमच्या पायाकडं बघायचा नाही. तुम्ही मला दोनदा विचारलंत, ह्याचं काही बिनसलंय का आपल्याशी. मी म्हटलं, घरचे व्याप असतील.

आणि मग तुम्ही मला गाडी शिकवलीत. मला नको होती, अक्का, खरंच नको होती. त्या पेडलवर पाय ठेवायची माझी लायकी नव्हती. पण तुम्ही विचारलंत, मी नाही म्हटलं, तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा नाही म्हटलं, आणि तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत. त्याच मैदानात, डावीकडं तुम्ही, गुडघ्यांमध्ये काठी. “चप्पल काढ. तळव्यानं ऐक. लगेच सोडू नकोस, ओढ घेती का बघ. घेतली? आता सोड.” मी भाकरी थापताना ऐकलेली सगळी वाक्यं तुम्ही मला एकेक करून दिलीत. ती ह्यांची होती, आणि तुम्ही त्यातलं स्वतःसाठी काही मागं ठेवलं नाहीत. पेडल हलकं होतं. माझ्या पायाला कधी त्रास झाला नाही.

चार वर्षं मी चालवली आणि तुम्ही शेजारी बसलात. भाजी बाजार, अक्कलकोट, पंढरपूर, तुमच्या जुन्या विद्यार्थिनींची लग्नं. क्लचवर नुसता पाय टेकवून ठेवायची माझी खोड काही गेली नाही आणि तुमचं ओरडणंही थांबलं नाही. मागच्या महिन्यापर्यंत आपण त्यावरून भांडत होतो. तुम्ही म्हणायचात जळेल, मी म्हणायचे एवढ्यानं काय होतंय. तुमचंच बरोबर होतं. हे तरी मी तोंडावर कबूल करायला हवं होतं.

एकदा मोकळ्या रस्त्यावर मी गाडी थांबवली आणि म्हटलं, या इकडं, आता हलकं आहे, चालवून बघा. तुम्ही स्टिअरिंगकडं बघितलंत आणि म्हणालात, “नको. पायावर आता भरवसा न्हाई.” मी गाडी सुरू केली. त्या रस्त्यावर दोघीच होतो, संबंध दुपार होती, आणि तरीही मी बोलले नाही. भीती कशाची होती? तुम्ही ओरडाल ह्याची नव्हती. तुम्ही उतरून जाल आणि शेजारची जागा रिकामी राहील, ह्याची होती.

गेल्या पंधरवड्यात छातीत दुखायला लागलं तेव्हा मीच तुम्हाला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत होता. मी खुर्ची पुढं ओढली आणि म्हटलं, “अक्का, त्या पेडलचं तुम्हाला सांगायचं होतं.” तुम्ही डोळे उघडलेत. म्हणालात, “गाडी कुठं लावलीस? सावलीत लाव.” मी म्हटलं, सावलीतच आहे. तुम्ही बरं म्हणालात आणि डोळे मिटलेत. मग नर्स सुई घेऊन आली, मग शाळेतली माणसं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

घरात माणसं जमली आणि तुमच्या आठवणी निघायला लागल्या. पायाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. उतारवयात गाडीचा हट्ट धरला, पाय घालवून घेतला. जो येईल तो हे म्हणायचा, प्रेमानंच म्हणायचा, वर हसायचाही. मी रोज ऐकत होते. परवा पंगत बसली होती, मी गव्हाची गोड हुग्गी वाढत होते. रुद्रव्वा शेजारणीला तेच सांगत होती, मोडनिंबचं फाटक, उसाची गाडी, आणि शेवटी म्हणाली, “लई हट्टी. कुणाचं ऐकलं न्हाई, म्हणून पाय गेला.”

मी पातेलं खाली ठेवलं.

“हट्टानं नाही गेला,” मी म्हटलं. “पाय चालत होता त्यांचा. पेडलची स्प्रिंग मी मुद्दाम कडक ठेवायला लावली होती. त्यांनी गाडी सोडावी म्हणून.”

पंगतीतले हात थांबले. रुद्रव्वानं माझ्याकडं बघितलं. “कसली स्प्रिंग ग?” तिनं विचारलं.

मी सांगायला लागले. क्लच म्हणजे काय, पेडल वर कसं येतं, मागाची स्प्रिंग का कडक असते, दाबायला किती जोर लागतो. हातानं दाखवत होते. मध्येच मला दिसलं की कोणाच्याच चेहऱ्यावर काही उमटत नाही. सगळे माझ्याकडं दयेनं बघत होते. कोणीतरी म्हणालं, किती दिवस दमलीय बिचारी, बसवा तिला. रुद्रव्वा उठली, पातेलं माझ्या हाताला लागू दिलं नाही, आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “असं मनाला लावून घेऊ नये शकू. तू लई केलंस तिचं.” पंगत पुन्हा सुरू झाली. हुग्गी ती वाढू लागली.

नरसय्या दाराजवळच्या पानावर होता. त्यानं पान संपवलं, हात धुतले आणि मी बसले होते तिथं आला.

“मी बी सांगाय पायजे होतं, बाई,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “तुम्हाला मीच अडवलं. वर तुमच्यावर ढकललं. माझं चुकलं, नरसय्या.”

तो ‘जाऊ द्या’ म्हणाला नाही. त्यानं मान हलवली आणि सायकल घेऊन गेला. त्यानं तसं म्हटलं नाही ह्याचं मला बरं वाटलं.

एवढ्या माणसांत ते त्याला एकट्याला कळलं. तुम्हालाही कळलं असतं, अक्का. क्लच, पेडल, माग, काहीच समजावून सांगावं लागलं नसतं. एका वाक्यात कळलं असतं. त्यावर तुम्ही ओरडला असता, की ‘साकु’ म्हणाला असता, की गाडीतून उतरून काठी टेकत निघून गेला असता, हे मी परवापासून या पायरीवर बसून ठरवायला बघते आहे. ठरत नाही. तुम्ही काय म्हणाला असता ते ऐकायची मला भीती होती. आता नाही. आता तुम्ही काहीही म्हणा.